ओत्ता, बिडा

श्यामलाबाईंच्या उजव्या पायाला ब्रेक जेवढा कळतो तेवढा यशवंतपुरातल्या निम्म्या ड्रायव्हरांना कळत नसेल. आणि तरी या बाईनं घरची गाडी कधी गल्लीबाहेर काढली नव्हती. हसू नका. अशा बायका तुमच्याही घरात असतील, नीट बघितलं तर.

त्याचं असं झालं, की त्यांचे यजमान वासुदेवराव मूळचे निपाणीकडचे, आणि जन्मभराची नोकरी इथं बेंगळुरात, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. हातात कसब होतं आणि ते असल्याचा ताठाही होता. गाडी घेतल्यापासून तिचा एक नट कुणा मेस्त्रीला फिरवू दिला नव्हता. सगळं काम घरासमोर, गल्लीत, रविवारी सकाळी. आता इंजिनाचं तेल बदलायला माणूस एकटा पुरतो, पण ब्रेकच्या कामाला दोघं असली की बरं पडतं: एक चाकापाशी, एक पेडलवर. हे दुसरं माणूस म्हणजे श्यामलाबाई. गॅसवरची भाजी उतरवायची, हात पुसत यायचं, ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं आणि हुकमाची वाट बघायची. चाकाकडून आवाज यायचा, "ओत्त!" की पाय खाली. "बिड!" की पाय वर.

शब्द कानडी. ओत्त म्हणजे दाब, बिड म्हणजे सोड. वासुदेवरावांना हे काम शिवाप्पा नावाच्या फोरमननं शिकवलं, ते कानडीतच. त्यामुळं या घरात बोलणं मराठीत, भांडण मराठीत, आरती मराठीत. पण बॉनेट वर झालं की कानडी. इतकी वर्षं श्यामलाबाई त्या सीटवर बसून ओत्तत आणि बिडत आल्या. बंद गाडीच्या ड्रायव्हर. काम संपलं की वासुदेवराव फडक्यानं हात पुसत यायचे आणि म्हणायचे, "हं, ऊठ आता."

मागच्या वर्षी मात्र श्यामलाबाईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, शिकल्या, परीक्षा दिली आणि लायसन्स आणून देवापुढं ठेवलं. वासुदेवरावांनी ते उलटसुलट करून बघितलं. "फोटो बरा आलाय," म्हणाले. किल्ली काही खिशातून बाहेर आली नाही.

किल्ली कशाला हवी होती, तर वेदिकासाठी. लेक राहायची इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडं जायचं तर वासुदेवरावांची मर्जी लागायची. या रविवारी जाऊया? बघू. पुढच्या? ट्रॅफिक असतं की गं. बसनं जाते म्हटलं, तर "गाडी असताना बसनं? लोक काय म्हणतील?" असल्या 'बघू बघू'मध्ये नातू चालायला लागला, आणि त्याचं पहिलं पाऊल आजीनं बघितलं ते फोनच्या काचेत. त्या दिवशी श्यामलाबाई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि चांगलं पोटभर रडून घेतलं. नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. बोलून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग वासुदेवरावांचा खांदा गेला. गच्चीच्या जिन्यावरून घसरले, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात झोळीत आला. बरं व्हायला वेळ लागेल, तोवर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. घरी येऊन वासुदेवराव दोन घास जेवले आणि म्हणाले, "गाडी विकून टाकू."

श्यामलाबाईंच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "विकून? आणि मी काय करू?"

"तू काय करणार? आधीपण बसतच होतीस, आता रिक्षात बस."

हे ते थट्टेनं म्हणाले, पण श्यामलाबाईंना ते झोंबलं. त्यांनी काही दिवस वाट बघितली, माणसाला उपरती होईल म्हणून. उपरती कसली! वासुदेवरावांनी फोनवर गाडीची जाहिरातसुद्धा टाकली. एका संध्याकाळी व्हाइटफील्डहून एका पोराचा फोन आला. नाव अजिंक्य, पुण्याचा, आयटीतला. गाडीचे फोटो आवडलेत म्हणाला, रविवारी बघायला येतो. फक्त ब्रेक दाबला की किर्र वाजतं असं तुम्हीच लिहिलंय, तेवढं करून द्याल का?

झालं. वासुदेवराव अडकले. पुढच्या चाकांचे ब्रेकचे पॅड झिजून संपले होते हे त्यांनाही माहीत होतं. पण हात झोळीत, आणि गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही ही प्रतिज्ञा. ते पलंगावर बसून छताकडं बघायला लागले.

"मी बसवते," श्यामलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पॅड. मी बसवते. दुसऱ्याचा हात लागायला नको ना? माझा लागेल. पण मग माझंही ऐकायचं. पॅड मी बसवले, आणि धनलक्ष्मीच्या रांगोळीपाशी गाडी मी थांबवली, तर गाडी विकायची नाही. ती मी चालवणार."

या रांगोळीचं सांगायला हवं. गल्ली उताराची, आणि उताराच्या शेवटी धनलक्ष्मीअक्कांचं घर. सकाळी त्यांच्या दारात ही एवढी मोठी रांगोळी, अर्धा रस्ता अडवून. ब्रेकचं काम झालं की वासुदेवराव गाडी उतारावर सोडायचे आणि बरोबर रांगोळीच्या अलीकडं थांबवायचे. पुसली तर काम कच्चं, नाही पुसली तर पक्कं. गल्लीतल्या सगळ्यांना ही परीक्षा ठाऊक होती.

वासुदेवराव खो खो हसले. "अगं, चाकाचा पहिला नट तरी हलेल का तुला?"

"घोडामैदान जवळच आहे की. बोला, कबूल?"

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक. बेंगळुरात हा शब्द माणूस दिवसातून कितीदा उगाचच टाकतो. पण श्यामलाबाईंनी तो पदरात घट्ट बांधून घेतला.

रविवारी त्यांनी पदर खोचला, वर वासुदेवरावांचा जुना शर्ट चढवला आणि गाडी घरासमोरच्या सपाट जागेवर असल्याची खात्री केली. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. वासुदेवराव खुर्ची टाकून बसले होते, उंटावरून शेळ्या हाकायला.

"आधी जॅक लाव."

"आधी नट ढिले करायचे, मग जॅक. चाक हवेत फिरायला लागलं की नट कसा सुटणार? तुम्हीच ओरडायचा त्या शिवाप्पाच्या पुतण्यावर."

परीक्षाच घेत होतो, असं काहीसं वासुदेवराव पुटपुटले. खरं काय ते देव जाणे.

पहिला नट खरंच हलेना. श्यामलाबाईंनी हातानं जोर लावला, पाना तसाच. वासुदेवरावांच्या मिशीत हसू दिसायला लागलं. बाईंनी एकदा त्या मिशीकडं बघितलं, एकदा पान्याकडं. मग पान्याचा दांडा आडवा करून, गाडीच्या टपाला धरून, त्यावर सरळ उजवा पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. कर्रर्र करून नट सुटला.

"हातानं नाही तर पायानं," त्या म्हणाल्या. "पायाचं काम मला येतं."

पुढं काम सरसर चाललं. जॅकवर गाडी उचलली, खाली स्टँड लावला, चाक काढून तेही गाडीखाली सरकवलं. वासुदेवराव तसंच करायचे, जॅक दगा देतो म्हणून. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला आणि कॅलिपर वर उचलून धरला. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून पकडणारा लोखंडी पंजा, पॅड त्याच्या आत. जुने पॅड निघाले ते पार पत्र्याला टेकलेले. श्यामलाबाईंनी ते नवऱ्यापुढं धरले.

"बघा. या ब्रेकवर गाडी त्या पोराला देणार होता?"

वासुदेवराव पहिल्यांदाच ओशाळले. "करूनच देणार होतो की."

नवे पॅड जाड, त्यांना जागा हवी, म्हणून आतला पिस्टन मागं ढकलायचा. पिस्टन मागं गेला की ब्रेक ऑइल वर डब्यात चढतं. श्यामलाबाईंनी बॉनेट उघडून त्या डब्याचं झाकण काढून ठेवलं, क्लॅम्प लावला आणि हळूहळू आवळत पिस्टन आत बसवला. घाई केली नाही. डिस्क पुसली, पिनांना ग्रीस लावलं, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळला. गल्लीतली दोनचार माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या बाजूचं चाक निघालं आणि अजिंक्य आला. उंच, चष्मा, पाठीला सॅक. येताना रस्ता चुकून मार्केटच्या गर्दीत सापडलेला, त्यामुळं घामाघूम.

"नमस्कार काका! ॲक्च्युअली मी जरा लवकरच... अरे, काकू? तुम्ही करताय?"

"मीच. बसा तुम्ही, पाणी देते. नाही, थांबा, हात काळे आहेत. तुम्हीच घ्या, दाराशी तांब्या आहे."

पोरगं गुणी होतं. पाणी प्यालं आणि गप्प बसायचं सोडून म्हणालं, "मी काही हेल्प करू का?" श्यामलाबाईंनी ब्रेक ऑइलची बाटली त्याच्या हातात दिली. "ही धरा आणि बॉनेटपाशी उभे राहा. लागलं तर सांगते, तेव्हा घाला. नीट हं, हे तेल रंग खातं."

"डोन्ट वरी काकू."

दुसरी बाजूही झाली. आता राहिलं ते शेवटचं काम: पेडल मारून पिस्टन पुढं आणायचे, पॅड डिस्कला भिडवायचे. हे विसरलं तर पहिल्याच ब्रेकला पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थेट समोरच्याच्या घरात. चाक अजून काढलेलंच होतं, पॅड कसे सरकतात ते डोळ्यांनी बघायचं म्हणून. श्यामलाबाई चाकापाशी वाकल्या.

"बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कुठं?"

"माझ्या जागेवर."

वासुदेवराव झोळीतला हात सांभाळत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आजवर त्या सीटवर ते मालक म्हणून बसले होते; हुकमाची वाट बघत आजच पहिल्यांदा. "मी सांगेपर्यंत पेडलला पाय लावायचा नाही," श्यामलाबाईंनी खालून बजावलं. हे वासुदेवरावांचंच वाक्य होतं, शब्दन् शब्द, आणि ते त्यांना कळलंही.

आता नवऱ्याला 'ओत्त' कसं म्हणायचं? शेवटी यजमान. श्यामलाबाईंनी कानडी शब्दाला मराठी मान दिला आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओत्ता!"

पेडल खाली गेलं. पॅड किंचित सरकला.

"बिडा!... ओत्ता!... बिडा!"

बरं चाललं होतं. पॅड डिस्कच्या जवळ येत होते. पण जितके यायला हवेत तितके नव्हे.

"जोरात ओत्ता की हो! हात मोडलाय, पाय नाही! ओत्ता, ओत्ता!"

त्यांच्या मानेवर काहीतरी टपकलं. मग मनगटावर. त्यांनी बोटानं बघितलं, तेलकट. वर बघतात तर बॉनेटच्या कडेवरून पिवळसर धार, मडगार्डच्या लाल रंगावरून खाली ओघळत. आणि अजिंक्य, चष्मा नाकावर आलेला, दोन्ही हातांनी बाटली उपडी धरून मनोभावे ओततोय. डबा केव्हाचा भरून वाहत होता.

"अहो! अहो, काय करताय हे?"

"तुम्हीच म्हणताय ना काकू, ओता, ओता! मला वाटलं, फुल होत आलंय, पण तुम्ही एवढ्या ओरडताय म्हणजे प्रोसेस असेल काहीतरी!"

"अन् बिडा म्हटल्यावर?"

"ते मला कळलं नाही. मला वाटलं, काकांसाठी विडा मागताय."

गल्लीत हशा उसळला. वासुदेवराव मात्र हसले नाहीत. ते दार उघडून घाईनं उतरले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांच्या गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइल! "संपला! रंग संपला! फडकं आण, पूस, पूस लवकर!"

"पुसायचं नाही!" श्यामलाबाई अशा गरजल्या की वासुदेवराव जागीच थांबले. "पुसलं की पसरतं. पाणी! अजिंक्य, ती दाराशी बादली भरलेली आहे, आणा. हं. आता ओता! या वेळी खरंच ओता! सगळी!"

अजिंक्यनं बादली रिकामी केली. मग दुसरी आणली, मग तिसरी. धनलक्ष्मीअक्कांनी खालून नळाची नळी आणून दिली. डब्याला झाकण लावून श्यामलाबाईंनी मडगार्ड, बॉनेटची कड, सगळं भसाभसा धुऊन काढलं. डिस्कवर तेल गेलं नव्हतं हे वाकून तपासलं, पॅड कोरडे होते हेही. मग त्या सावकाश रंगाकडं आल्या. तिरक्या होऊन, उन्हात धरून बघितलं. लाल रंग तसाच चकचकीत, एक फोड नाही.

अजिंक्यचा चेहरा रडवेला झाला होता. "सॉरी काकू. खूप सॉरी."

"तुमची काय चूक? ही आमच्या घरची भाषा. दोन भाषांच्या मधे बोट ठेवाल तर चिमटणारच." आणि त्याला बरं वाटावं म्हणून पुढं म्हणाल्या, "पाणी मात्र चांगलं ओतता."

डब्यातलं जास्तीचं ऑइल त्यांनी सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीनं ओढून खुणेवर आणलं. वासुदेवराव पुन्हा सीटवर बसले. या वेळी अजिंक्य हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिला. ओत्ता, बिडा, ओत्ता, बिडा. पॅड डिस्कला भिडले आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"आलं," वासुदेवराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक आलं ते त्यांना लपवता आलं नाही.

चाकं चढली, गाडी खाली आली, नट पुन्हा पायाच्या जोरावर आवळले गेले. श्यामलाबाईंनी हात धुतले, विटा काढल्या आणि नवरा अजून बसला होता त्या ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. कितीतरी वर्षं त्यांनी ऐकलेलं वाक्य ओठावर होतं. ते म्हणायची हौस त्यांना होती, खोटं कशाला बोला. "हं, उठा आता," त्या म्हणाल्या.

वासुदेवराव उठले. खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि दिली. मग फेरी मारून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "मी येणार. अजून रांगोळी राहिलीय," ते म्हणाले.

श्यामलाबाईंनी गाडी सुरू केली. सपाटीवर आधी दोनदा हळू चालवून ब्रेक लावून बघितला. किर्र नाही, ओढ नाही, गाडी सरळ थांबत होती. मग त्यांनी नाक उताराकडं वळवलं. गल्ली दोन्हीकडून बघत होती. खाली धनलक्ष्मीअक्का कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. आज सणवार नसताना त्यांनी रांगोळीत आठ पाकळ्यांचं कमळ काढलं होतं. त्यांनाही बातमी होती तर.

गाडी उताराला लागली. भीती वाटत होती का? अजिबात नाही. हात नवे होते, पण पाय जुना होता, आणि पायाला सगळं पाठ होतं. शेजारी वासुदेवराव मात्र ताठले होते. घरं मागं जायला लागली तसा त्यांचा उजवा पाय आपोआप पुढं गेला आणि समोरच्या रबरी चटईवर दाबला गेला, जिथं काही नव्हतं.

"ओत्त," ते हळूच म्हणाले. "श्यामले, ओत्त. अगं, ओत्त!"

श्यामलाबाईंनी ओत्तलं, ते त्यांना हवं तेव्हा. गाडी नाक किंचित खाली करून उभी राहिली. धनलक्ष्मीअक्का पुढं आल्या, वाकल्या, चाक आणि कमळ यांच्यामध्ये हात आडवा धरला. पूर्ण पंजा मावला. त्यांनी मान वर करून दोन्ही हातांनी टाळी वाजवली आणि वरच्या बाजूनं गल्लीनं ती उचलली. अजिंक्य तर शिट्टी मारत होता, आपल्या हातची गाडी गेली हे ठाऊक नसताना.

गाडी थांबून केव्हाच झाली होती, पण वासुदेवरावांचा पाय अजून त्या चटईवर घट्ट रोवलेला होता. श्यामलाबाईंना एकदम भरून आलं. मघापासूनची जिंकायची खुमखुमी कुठल्या कुठं गेली. आपल्याला गाडी मिळाली ती याच्या हातून गेली म्हणून, आणि हा माणूस ती अजून पायानं धरून बसलाय. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"अहो," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "बिडा आता."

वासुदेवरावांनी खाली बघितलं. आपला पाय काय करतोय ते त्यांनाही तेव्हाच दिसलं. ते ओशाळं हसले, आणि पाय उचलला.

मग काच खाली करून, उतारावरून धावत येणाऱ्या अजिंक्यला त्यांनी हाक मारली. "गाडी विकायची नाही रे बाबा! उगाच तुला हेलपाटा पडला. घरी बस, पोहे करून ठेवलेत, खाऊन जा!"

"आणि तुम्ही?" अजिंक्यनं विचारलं.

वासुदेवरावांनी बायकोकडं बघितलं. एरवी गाडी मेन रोडच्या तोंडाशी आली की कुठं जायचं ते श्यामलाबाई विचारायच्या आणि ते उत्तर द्यायचे.

"कुठं जायचं गं?" त्यांनी विचारलं.

"वेदिकाकडं," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि रांगोळीला वळसा घालून त्यांनी गाडी मेन रोडला लावली.